पुलाखालचं ऊन

“गाडी मागनं बघा. आधी पूल बघा.”

गडमुडशिंगीतल्या त्या गॅरेजमध्ये मी भिंतीवरच्या फोटोपुढं थांबलो, तेव्हा मिस्त्रीमामा हातातला पाना खाली न ठेवता एवढंच म्हणाले. मी गेलो होतो गाडीचे ब्रेक दाखवायला. बाहेर हुपरीच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर चालले होते, डोक्यावरून एक विमान विमानतळाकडं उतरत गेलं, आणि मी पाऊण तास एका फोटोपुढं उभा राहिलो. नंतर फक्त त्या फोटोसाठी तीनदा गेलो. फोटो मामांच्या भाच्यानं काढलेला. तो एरवी लग्नाच्या ऑर्डरी करतो.

हायवेच्या पुलाखाली एक जुनी विलीज जीप उभी आहे. लो बॉनेट. रंग चिंचोक्याचा, म्हणजे आधी काळा वाटावा आणि उजेड पडला की तांबूस उघडावा असा. टप उतरवलेला, समोरची काच चौकटीसकट काढून ठेवलेली. जीपचं तोंड थेट आपल्याकडं. तिच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे खांब मागं मागं जात लहान होत गेलेत. डावीकडचे पुण्याला जाणाऱ्या रस्त्याचे, उजवीकडचे बेंगळुरूला जाणाऱ्या. दोन्ही रस्त्यांचे पूल वेगवेगळे, आणि त्यांच्या मधोमध दीड-दोन हातांची एक फट राहिलेली आहे. फोटोत ती वर आभाळाच्या सरळ पट्टीसारखी दिसते. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी खाली उतरली आहे आणि बरोबर बॉनेटच्या मधल्या शिरेवर पडली आहे. बाकी सगळा फोटो करडा आणि तांबूस काळा. उन्हानं उजळली आहे ती तेवढी एक रेघ, जाळीपासून डॅशबोर्डापर्यंत.

पूल आधी बघा म्हणजे काय, ते मला दुसऱ्या खेपेला कळलं. पूल हा या फोटोतला पडदा नाही, दिवा आहे.

भाच्यानं ही गाडी आधी गॅरेजच्या अंगणातच टिपायचा प्रयत्न केला होता. गांधीनगरच्या बाजारातून करड्या कापडाचा तागा आणून मागं बांधला. फोटो बिघडला, कारण गाडीचा फोटो हा अर्ध्याहून जास्त प्रतिबिंबांचा फोटो असतो. रंगकाम चांगलं झालं की पत्रा आरसा होतो. मग समोर जे असेल ते त्यात दिसतं: अंगण, दोरीवरचे कपडे, फोटो काढणारा स्वतः. कापडाची प्रत्येक चुणी पत्र्यावर वाकडी रेघ होऊन उतरली. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत यासाठी गाडीवर छताएवढी पांढरी चौकट टांगतात आणि तिच्यावरून उजेड परतवतात. पुलाच्या पोटाखाली हे छत आयतंच मिळतं. वरचा स्लॅब सपाट, करडा, कोणताही रंग न मिसळणारा. बाजूनं आत येणारा उजेड रस्त्यावर आणि खांबांवर आपटून मऊ होतो आणि मग पत्र्यावर येतो. म्हणून या जीपच्या मडगार्डवर उजेडाचा एकही ओरखडा नाही. आहेत ती खांबांची उभी प्रतिबिंबं, ओळीनं, फणीच्या दातांसारखी.

विलीजचा पत्रा सपाट असतो. युद्धाच्या घाईत, साच्यांचा फार खर्च न करता घडी घालून बनवायची ती गाडी. अँबेसिडरच्या गोल पाठीवर हेच खांब वितळल्यासारखे दिसले असते. इथं ते सरळ उभे राहतात. आणि खांबांकडं नीट पाहिलं तर त्यांच्यावरही आडव्या रेषा आहेत, दर चार-सहा फुटांवर. ते शटरिंगचे सांधे. लोखंडी पत्र्याच्या पेट्या जोडून त्यात काँक्रीट ओततात, पेट्या काढल्या की सांध्याची रेघ अंगावर राहते. म्हणजे खांबाला आकार दिला तो पत्र्यानंच. फोटोत जीपच्या पत्र्याच्या कडेची घडी आणि मागच्या खांबावरचा सांधा एका रेषेत आले आहेत. हे मुद्दाम जमवलं का, असं मी विचारलं. भाचा हसला, म्हणाला, “ट्रायपॉड तीन बोटं खाली घेटला, तवा जमलं.”

तीन बोटं. मला वाटतं, या फोटोचं मोठेपण त्या तीन बोटांत आहे.

आता ऊन. कोल्हापुरातून हा हायवे साधारण उत्तर-दक्षिण जातो, म्हणून दोन पुलांमधली फटही तशीच. घड्याळातले बारा हे इथले खरे मध्यान्ह नव्हे. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास; सूर्य माथ्याच्या रेषेवर यायला आपल्याकडं साडेबारा वाजून जातात, आणि जानेवारीत तर पावणेएकच्या जवळ. त्याच वेळी तो त्या फटीच्या रेषेत येतो आणि दक्षिणेकडून तिरपा आत उतरतो. उन्हाची पट्टी आधी पुण्याच्या रस्त्याच्या खांबांकडं असते, मग सरकत मधे येते, मग पलीकडं जाते. सरकणं संथ, पण बॉनेटची मधली शीर चार बोटांची. तिच्यावर ती पट्टी सात-आठ मिनिटंच राहते. मामांनी हे गणितानं नाही काढलं. त्यांची नेहमीची चहाची टपरी त्या पुलाखाली, वर्षानुवर्षं तिथं थांबून त्यांनी ते ऊन पाहिलेलं. “पावणेएकला ऊन खाली उतरतंय. तवर गाडी लावून मोकळं व्हायचं, आन गप बसायचं.”

गप बसून उन्हाची वाट बघणं हे कोल्हापूरला नवीन नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतं. त्या काही मिनिटांसाठी माणसं श्वास धरून उभी असतात. आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला खिद्रापूरला, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, शिलाहारांच्या काळच्या कारागिरांनी अठ्ठेचाळीस खांब उभे करून वरचं छत मधोमध गोल उघडंच ठेवलं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या गोलाच्या वर येतो. देवळाची आणि उड्डाणपुलाची बरोबरी करायची नाही. पुलाची फट भक्तीनं ठेवलेली नाही, दोन पूल स्वतंत्र बांधले म्हणून ती राहिली. पण ज्या माणसानं लहानपणी आजीच्या कडेवरून किरणोत्सव पाहिला आहे, त्याच्या डोळ्याला खांबांच्या रांगेत उतरणाऱ्या उजेडाचं मोल कुणी समजावून द्यावं लागत नाही. फोटोतली समोरासमोरची मांडणी, दोन्हीकडं खांब आणि मधे उजळलेली एकच गोष्ट, ही गाभाऱ्याकडं पाहण्याची मांडणी आहे. मोटारींच्या मासिकात गाडी बहुतेक वेळा तिरकी उभी करतात, लांबी दिसावी म्हणून. भाच्यानं ती समोर उभी केली, दर्शनाला करतात तशी.

भाच्यानं आधी मागं कापड बांधलं, त्या पडद्याची गोष्ट निघालीच आहे तर या शहराच्या हातात तो कसा आला हे सांगायला हवं. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यानं भाऊ, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. ललितकलादर्शच्या रंगमंचावरचे राजवाडे आणि उपवनं त्यांच्या कुंचल्यातून उतरली, आणि म्हणून दोघांचं आडनावच पेंटर झालं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढं लेथवर भाग कातून चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, तो १९२० मध्ये पडद्यावर आला. खरी कॉर्नरला आज त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. म्हणजे या शहरात आधी पडदा, मग लेथ, मग कॅमेरा असा प्रवास झाला, आणि तिन्ही एकाच माणसाच्या हातातून. नंतर जत्रेतल्या फोटोवाल्यांकडं तोच पडदा उतरला: रंगवलेली मोटार, तिच्या खिडकीच्या जागी भोक, आणि त्यातून डोकं काढून बसलेली खरीखुरी माणसं. जोतिबाच्या यात्रेतला माझ्या आईवडलांचा असा एक फोटो घरात आहे. मोटार खोटी, माणसं खरी. मामांच्या फोटोत मोटार खरी आहे, मागचं सगळंही खरं आहे, आणि माणूस एकही नाही.

तरी माणूस दिसतो. मला तो तीन ठिकाणी दिसला. स्टिअरिंगवर चामडं विणलंय, कोल्हापुरी चपलेच्या वेणीसारखं, एकसारख्या पेडांचं. बंपर म्हणजे जाड सी-चॅनलचा तुकडा, पण त्याची टोकं उद्यमनगरातल्या वर्कशॉपात कुणीतरी हातानं घासून गोल केलीत. टोकाला पडलेला उजेड हळूहळू मावळतो, तुटत नाही, त्यावरून कळतं. आणि समोरच्या डाव्या चाकापाशी उसाचं एक चिरडलेलं कांडं पडलंय. ते उचलून टाकायचं राहिलं असेल असं मला आधी वाटलं. तसं नाही, पुलाखालचा रस्ता झाडून घेतला होता, बाकी एक काडी नाही. कांडं ठेवलं, कारण हंगाम कोणता ते त्याच्याशिवाय कळलं नसतं.

जाळीत सात फटी आहेत. विलीजच्या सैन्यातल्या एमबी जीपला नऊ असत, युद्धानंतरच्या नागरी सीजेला सात. महिंद्रांनी मुंबईत स्वातंत्र्याच्या सुमारास सुटे भाग आणून अशा जीप जुळवायला सुरुवात केली आणि तिथून त्या तालुक्यातालुक्यांत पोचल्या. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आमच्याकडं वडापची प्रवासी वाहतूक केली, पाठीमागं बारा आणि टपावर चार माणसं बसवून. मामांच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन कधीच उतरवलं गेलं. खेड्यात पेट्रोल परवडेना तेव्हा शेकडो विलीजमध्ये डिझेल इंजिनं बसली, तसंच हिच्यातही. मग चाकं रुंद झाली, पाटे बदलले, सीट नव्या झाल्या. जुनी चॅसी, बॉनेट आणि जाळी तेवढी मूळची. बाकी तिच्यात किती मिस्त्र्यांचे हात लागलेत, ते मामांनाही मोजता येत नाही.

आणि म्हणूनच या गाडीला कायद्यात जागा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अट दोन गोष्टींची: गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात जपलेली हवी. दुसरीकडं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी तो नियम आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण परिणाम असा, की जी गाडी राजवाड्याच्या पोर्चमध्ये कापडाखाली झाकून राहिली ती वारसा ठरते, आणि जी गाडी सत्तर वर्षं राबली, मोडली, पुन्हा उभी केली गेली, तिला नाव नाही.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते. ती बघायला मी दरवर्षी जातो आणि जात राहीन. तिच्यामागं न्यू पॅलेस आहे, १८८४ मध्ये पुरा झालेला, चार्ल्स मँटच्या आराखड्याचा. ती गाडी कुठंही उभी केली तरी तो वाडा तिच्यामागं दिसतोच. व्हिंटेज गाड्यांची छायाचित्रं जगभर अशीच असतात: वाडा, हिरवळ, कारंजं. मामांच्या जीपला असा वाडा नाही. तिला हिरवळीवर उभी केली असती तर ती उसनी दिसली असती. पुलाखाली ती आपल्या घरी दिसते. पुलाचा खांब कुणी ओतला त्याचं नाव खांबावर नाही. जीपवरही नाही. दोन बिननावी हातकामं एकमेकांशेजारी उभी राहिली, आणि एकानं दुसऱ्याला उजेड दिला.

महामार्गाचं वास्तुशिल्प हा विषय अमेरिकेत पुष्कळांनी हाताळला. कॅथरीन ओपीनं १९९४-९५ मध्ये लॉस एंजेलिसचे फ्रीवे टिपले. प्लॅटिनम प्रिंट, जेमतेम सहा बाय सतरा सेंटिमीटरच्या, तळहातात मावतील अशा. पहाटेचे, मोकळे, गाडी नाही की माणूस नाही. एकोणिसाव्या शतकात माक्सिम द्यू काँनं इजिप्तची स्मारकं ज्या नजरेनं टिपली, ती नजर तिनं काँक्रीटच्या वळणांवर वळवली. ते फोटो मी पुस्तकात बघतो तेव्हा गप होतो. गाड्यांसाठी बांधलेली वास्तू गाड्यांविना किती जुनी दिसते! पण मला अधिक जवळचं वाटतं ते सॅन डिएगोचं चिकानो पार्क. कोरोनाडो पुलासाठी तिथल्या मेक्सिकन वस्तीतली घरं पाडली. पुलाखालच्या ज्या जागेवर बाग देण्याचा शब्द होता, तिथं पोलिसठाण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा २२ एप्रिल १९७० ला माणसं त्या जागेवर जाऊन बसली आणि हलली नाहीत. बाग झाली. १९७३ पासून पुलाचे खांब चित्रांनी भरत गेले. आज तिथं लोरायडर, म्हणजे जमिनीला टेकतील इतक्या खाली आणलेल्या जुन्या शेवरलेट, त्या खांबांपुढं उभ्या राहतात आणि त्यांचे फोटो निघतात. इतकी खाली आणलेली गाडी चालवायला कॅलिफोर्नियात १९५८ पासून कायद्याची आडकाठी होती. ती २०२४ च्या पहिल्या दिवसापासून उठली. तिथं पुलानं वस्ती तोडली आणि वस्तीनं पूल आपला केला. आपल्याकडं तेवढं मोठं काही घडलेलं नाही. आपल्या खांबांवर क्लासच्या जाहिराती चिकटतात. भाच्याच्या फोटोत उजव्या दुसऱ्या खांबावर अशी एक अर्धी फाटलेली जाहिरात आहे आणि ती त्यानं कॉम्प्युटरवर पुसली नाही. ते त्यानं बरं केलं. खांब ज्या जगात उभा आहे ते जग राहू दिलं.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगतो. जीपचे हेडलाइट चालू आहेत. जिथं आभाळातून आलेली एकच रेघ पुरे होती, तिथं हे दोन पिवळे ठिपके डोळा खाली ओढतात. मी हे बोललो तेव्हा मामा थोडे दुखावले. दिवे नवीन बसवले होते, ते दिसावेत असा त्यांचाच हट्ट होता. तरीही मी म्हणेन, दिवे बंद असते तर फोटो अधिक बोलला असता. ही जीप त्या दिवशी स्वतःच्या उजेडात आली नव्हतीच. कागद नाहीत म्हणून ती टेम्पोमागं दोरीनं ओढत आणली होती. तिच्या डोक्यावरून ताशी शंभरनं गाड्या धावत होत्या, पुण्याच्या, बेळगावच्या, आणि ती त्यांच्या खाली, जिथं तिला चालता येत नाही त्या रस्त्याच्या सावलीत उभी होती. हे फोटोत कुठंही लिहिलेलं नाही, पण वरच्या स्लॅबचं वजन आणि खालच्या गाडीचा स्थिरपणा यांतून ते जाणवतं. 

वरचा रस्ताही जन्मला तसा राहिलेला नाही. सुवर्ण चतुष्कोणात तो चौपदरी झाला. २०१० मध्ये त्याचा नंबर बदलला, चारचा अठ्ठेचाळीस झाला, पण आम्ही अजून एनएच फोरच म्हणतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ त्याच्यावर चढलं आणि कितीतरी दिवस ट्रकांच्या रांगा तिथंच खिळून राहिल्या; तेव्हापासून भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा असं इथला माणूस म्हणतो. आता सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय. जुने पूल रुंद होतायत, काही पाडून नव्यानं उभे राहतायत. रुंदी वाढली की मधली फट कुठं राहील, किती राहील, सांगता येत नाही.

शेवटच्या खेपेला मी फोटो काचेजवळ जाऊन पाहिला. डावीकडच्या पहिल्या खांबावर, माणसाच्या कमरेच्या उंचीला, लाल रंगात एक बाण आणि दोन आकडे आहेत. मोजणीवाल्यांची खूण. जीपच्या जाळीखाली चॅसीची पितळी पट्टी चमकते, तिच्यावरचेही आकडे दिसतात, वाचता येत नाहीत. मी मामांना लाल बाण दाखवला.

“म्हाईत हाय की,” ते म्हणाले. “म्हणून तर संक्रांतीला पुन्यांदा न्यालोय गाडी. ह्या टायमाला दिवे बंद ठेवतो, बास?”

आणि त्यांनी पाना ठेवून, लुंगीच्या सोग्यानं फोटोची काच पुसली.